पायरीचा रस आणि डावा हात

आमच्याकडे आमरस पिळायचा मान माझ्याकडे आहे. मान म्हणजे काय, सासूबाई गेल्या आणि ते मोठं पातेलं माझ्या पुढ्यात आलं, तेव्हापासून दुसऱ्या कुणी ते उचललं नाही. मिक्सरमधला रस घरात चालत नाही. आमच्या ह्यांच्या मते त्याला फेस येतो आणि मग तो रस राहत नाही, मँगोशेक होतो. त्यामुळे मे महिन्यात सकाळी पायरी आंबे पाण्यात टाकायचे, दहाच्या सुमाराला मोरीशेजारी पाट घेऊन बसायचं, एकेक आंबा दोन्ही तळव्यांत घोळून मऊ करायचा, देठ काढून चीक पिळून टाकायचा आणि मग आधी साल, मग बाठा असं पातेल्यात पिळत जायचं. रस कोपरापर्यंत ओघळतो. सालीला आतून चिकटलेला गर अंगठ्यानं खरवडून घ्यायचा. बाठे एका ताटात ठेवायचे, त्यांच्यावर पोरांचा हक्क.

दोन वर्षांपूर्वी त्या रसात मी आणखी काय कालवलं ते सांगायचंय, म्हणून एवढं पाल्हाळ.

लेक पुण्याहून माहेरपणाला आली होती. तिची थोरली चिमी सहा वर्षांची, धाकटा तेरा महिन्यांचा. इथं मुलाचा ओम चार वर्षांचा. शिवाय शेजारच्या वहिनींची नात, ती फक्त झोपायला आपल्या घरी जाते. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर. माणसं आठ, संडास एक, मोरी एक. बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं, त्यामुळे सगळी पोरं दिवसभर माजघरात.

बाळाला आल्यापासून पातळ शी होत होती. दिवसातून चार-पाच वेळा, थोडी बुळबुळीत. लेक म्हणाली, "आई, दाखवून आणू या का?" मी बाळाची हिरडी बोटानं चाचपली आणि निदान करून मोकळी झाले. "दात येतायत गं. वरचे दोन बघ कसे फुगलेत. दात येताना पोट सुटतंच, तुझंही सुटायचं."

हे वाक्य मी माझ्या आईकडून घेतलेलं, तिनं तिच्या आईकडून. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा त्यातली मेख कळली. दात येण्याचं वय आणि रांगायचं वय एकच. त्याच वयात मूल जमिनीवरचं जे हाती लागेल ते तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून मुठीच्या मुठी चावतं. आईकडून जन्मताना मिळालेली राखणही त्याच सुमाराला विरत आलेली असते. पोट बिघडतं ते ह्या सगळ्यानं, आणि नाव दातांचं होतं. दात येतात म्हणून ताप, दात येतात म्हणून जुलाब. एवढे आरोप तर अक्कलदाढेवरही होत नसतील.

रविवारी रस होता. मी आंब्यांचं घमेलं पुढे ओढलं आणि तेवढ्यात बाळानं दुपट्यात शी केली. लेक आंघोळीला गेलेली. मी त्याला उचललं, मोरीत नेऊन धुतलं, कोरडं करून ओमजवळ बसवलं. दुपटं बादलीत भिजत टाकलं. हात नळाखाली धरला, खळखळून पाणी घेतलं आणि पदराला पुसला. साबण होता. वरच्या फळीवर होता, हात उंचावला असता तर मिळाला असता. पण त्या घटकेला साबण हा शब्दच मनात आला नाही. मोठ्या माणसाचं काही असतं तर दोनदा साबण लावला असता आणि वर नाकही मुरडलं असतं. हे तर लेकराचं! लेकराच्या शी-शूला कसला विटाळ?

हे वाक्य सासूबाईंचं. त्यांच्या सोवळ्याचा मी बावीस वर्षं अनुभव घेतला. पारोशानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. लोणच्याच्या बरणीला कुणाचा हात लागायचा नाही. उष्ट्या हातानं वाढायचं नाही, खरकट्या हातानं पाण्याला शिवायचं नाही. बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे. ह्यातले निम्मे नियम मला तेव्हा जाचक वाटायचे, काही अन्यायाचे वाटायचे आणि अजूनही वाटतात. बाईनं चार दिवस बाजूला बसायचं ह्याला मी कधी मनातून होकार दिला नाही. पण गंमत अशी की, इतक्या काटेकोर वहीत बाळाच्या शीसाठी मात्र एक भोक ठेवलेलं होतं. सोवळ्यातल्या सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या, त्यानं मांडीवरच केली, तर त्या हसायच्या. "देवाचंच रूप ते." पाण्याचा हात फिरवून पुन्हा वाती वळायला बसायच्या. मला त्या भोकातूनच त्यांची माया दिसायची. त्याच भोकातून जंतू ये-जा करतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला मात्र सांगितलेलं होतं, आणि तेही घरातल्याच माणसानं.

कारण आमचे हे आरोग्य खात्यातून निवृत्त झालेत. जतपासून शिराळ्यापर्यंत जिल्हा पालथा घातला. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकली का, टाकल्यावर पुरेसा वेळ थांबले का, टाकीत शेवाळ आहे का, नळाच्या खड्ड्यात गटाराचं पाणी उतरतंय का, हे बघण्यात त्यांची हयात गेली. गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड द्यायचं असतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, सगळं ठीक तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. एखाद्या सरपंचाला लाल कार्ड दिलं की तो महिनाभर ह्यांच्याशी बोलायचा नाही.

मंगळवारी रात्री ओम उठला तो पोट धरूनच. संडासाला जायचा, कुंथायचा, चमचाभर व्हायची, पुन्हा पाच मिनिटांनी तेच. पोटात मुरडा इतका की गुडघे छातीशी घेऊन पडला. अंग तव्यासारखं. पहाटे सुनेनं लाईट लावून बघितलं तर आव, आणि आवेत रक्ताच्या रेघा. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुरडशेंग शोधायला लागले.

हो, तेही केलं. आमच्याकडे बाळगुटीचा डबा असतो. सहाणेवर दोन थेंब पाणी घ्यायचं, मुरडशेंगेचे चार वेढे, वेखंड, हळकुंड, जायफळाचा एक फेरा. हळकुंड तर सांगलीचं, त्यात कसर नाही. उगाळलेलं बोटावर घ्यायचं आणि मुलाच्या जिभेला चाटवायचं. शनिवारी-रविवारी बाळाला मी ह्याच सहाणेवरून, ह्याच बोटानं चाटवलं होतं. मग सहाण पाण्यानं विसळून मोरीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली होती. बुधवारी पहाटे त्याच सहाणेवर ओमसाठी उगाळलं. मुरडशेंगेची बाजू घ्यायला किंवा तिच्याशी भांडायला मी बसलेली नाही, तिचा ह्यात काही दोष नव्हता. बोट माझं होतं.

सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. ओमच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे बघितले, शू कधी झाली विचारलं, रडताना पाणी येतंय का विचारलं. मग म्हणाले, रक्त आहे म्हणजे हे नुसतं अजीर्ण नव्हे. शीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवला. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला, शिगेला.

मला ते नाव मुलीचं वाटलं. पण ते एका जपानी माणसाचं आहे. कियोशी शिगा नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं १८९७ साली जपानमधल्या आवेच्या साथीत हा जंतू शोधला. रिपोर्ट यायच्या आधीच चिमीला जुलाब लागले होते, मला लागले होते, आणि वहिनींच्या नातीलाही.

ह्यांनी पहिला संशय पाण्यावर घेतला. सांगलीकराचा पहिला संशय पाण्यावरच जातो. आम्ही २००५ चा पूर पाहिला, २०१९ चा पाहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आम्ही महिना-दीड महिना थेंब न थेंब उकळून प्यायलो, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या, मेडिक्लोरच्या बाटल्या होत्या, गल्लीत ब्लीचिंगची पांढरी रांगोळी होती. त्या पुरानंतर आमच्या घरात एकालाही जुलाब झाले नाहीत. म्हणून ह्यांनी कपाटावरची पाणी तपासायची जुनी पेटी काढली, नळाचं पाणी नळीत घेतलं, क्लोरीन ओळखायच्या ओटी औषधाचे थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. टाकीतलं घेतलं, पिवळं. माठातलं घेतलं, ते फिकट पण पिवळंच. हे नळी उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. हयातभर ज्याच्या मागावर होते तो चोर ह्या वेळी घरात आलाच नव्हता.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, काका, शिगेलाला विहीर लागत नाही. कॉलऱ्याचे जंतू धडधाकट माणसाला पाडायला लाखो-कोटींनी पोटात जावे लागतात, त्यांना पाणी हवं, अन्न हवं. शिगेलाचे दहा ते शंभर गेले तरी पुरे. जठरातल्या आम्लाला तो सहजासहजी बधत नाही. आणि शंभर जंतू म्हणजे काय? नखाच्या कडेला जे दिसतही नाही तेवढं. म्हणून हा रोग लहान मुलांच्या घरात हातोहात फिरतो. आजारी पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. आधी घरात कुणाला झालं होतं?

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बाळाकडे बघितलं. मी मनात बोटं मोजली. रविवार दुपार ते मंगळवार रात्र.

परतताना रिक्षात ह्यांना सगळं सांगितलं. दुपटं, नळ, पदर, पाट, पातेलं. हे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मोरीच्या दारात उभे राहिले, कट्टा बघितला, वरच्या फळीवरचा साबण बघितला, नळाची चावी बघितली आणि म्हणाले, "लाल कार्ड."

मला हसू यायच्या ऐवजी रडू आलं.

तेव्हापासून एक गोष्ट सारखी डोक्यात येते. आपल्याकडे डाव्या-उजव्याची वाटणी किती पक्की आहे! धुवायचा तो डावा, जेवायचा तो उजवा. प्रसाद डाव्या हातात घेतला की लहानपणी टपली बसायची. डावखुऱ्या पोरांना मारून मुटकून उजवं केलं. ह्या वाटणीवर आपला इतका विश्वास की धुतलेल्या डाव्या हाताला साबण नाही लावला तरी चालतं, तो कुठं जेवणार आहे? पण स्वयंपाकघरात बसून बघा. कणीक दोन्ही हातांनी मळतात. लाडू वळताना डाव्या तळव्यावर उजवा फिरतो. कोथिंबीर डाव्यात धरतात, उजव्यानं चिरतात. पोराला घास भरवताना डावा त्याची हनुवटी धरतो. आणि आंबा एका हातानं पिळता येत नाही. ती वाटणी फक्त ताटापुरती असते, ताटात जे येतं ते आधी दोन्ही हातांतून आलेलं असतं.

त्यात पदर. पदरावर आजवर इतकं लिहून झालंय की त्याबद्दल वाईट बोलणं पाप वाटतं. पण माझा त्या रविवारचा पदर आठवते. सकाळी त्याला हात पुसले, मग बाळाची लाळ पुसली, मग ओमचं आंब्यानं भरलेलं तोंड पुसलं, मग वहिनींच्या नातीचं. दुपारी जेवताना चार पोरांना एका ताटातला काला भरवला, एक घास ह्याला, एक तिला, बोटं चौघांच्या तोंडाला लागत होती. फोटोही काढला होता सुनेनं. अजून आहे तिच्या फोनमध्ये. फार गोड आलाय.

वहिनींना सांगायचं होतं. हे सगळ्यात अवघड गेलं. त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हा नात पलंगावर मलूल पडलेली, वहिनी उशाशी. मला बघितल्यावर म्हणाल्या, "बर्फाचा गोळा खाल्ला हो शनिवारी. त्या गोळेवाल्याला सकाळी जाऊन चांगलं झापून आले. म्हटलं, गटाराचं पाणी वापरतोस का." मला गप्प राहता आलं असतं. गोळेवाला बिचारा कोर्टात जाणार नव्हता. आपल्याकडे पोट बिघडलं की 'बाहेरचं खाल्लं' एवढं म्हटलं की तपास संपतो, आतल्या चुलीवर कुणी संशय घेत नाही. शिवाय आव, जुलाब ह्या गोष्टी शेजारी सांगायच्या नसतात. 'जरा बरं नाही' एवढंच म्हणायचं असतं.

मी म्हटलं, "वहिनी, गोळा नसेल तो. आमच्या बाळाला आधीपासून होत होतं. रस मी पिळला. हाताला साबण नव्हता लावला."

त्या बराच वेळ नातीचे केस मागे सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी कुठलं औषध दिलंय ते सांगा." मी चिठ्ठी दिली, पण बजावलं की औषध ओमचं आहे, त्याला रक्त पडत होतं म्हणून दिलंय, चिमीला नुसतं ओआरएस आणि झिंक दिलंय, तेव्हा तुम्ही आधी दाखवून आणा. त्या गेल्या त्याच दिवशी. पण पुढे पंधरा दिवस नात आमच्याकडे फिरकली नाही. फिरकू दिली नाही. बरोबरच होतं, डॉक्टरांनीही सांगितलं होतं की बरं झाल्यावरही मुलाच्या शीतून जंतू आठवडाभर, कधीकधी चार आठवडे जात राहतात. चिमीला उन्हाळी शिबिराला निदान नेहमीसारखी शी होऊन दोन दिवस झाल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवाल तेव्हा हात धुण्याची तिची सवय आधी बघून घ्या. बरोबर होतं म्हणून लागलं नाही असं नाही.

घरात मग युद्धपातळीवर बदल झाले, आणि सेनापती अर्थातच निवृत्त कर्मचारी. ह्यांनी कांद्याच्या रिकाम्या जाळीत साबणाची वडी घालून ती नळालाच बांधली, चार वर्षांच्या पोराचा हात पोचेल अशी. संडासाच्या दाराशी दुसरी. लेक म्हणाली, सॅनिटायझर आहे की माझ्या पर्समध्ये. डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं, बरबटलेल्या हातावर सॅनिटायझरचं फारसं चालत नाही; साबणाचा फेस, घासणं आणि वाहतं पाणी ह्यांनी जंतू कातडीवरून सुटून वाहून जातात. वीस सेकंद घासायचं. मला करोनातले दिवस आठवले, तेव्हा आम्ही भाजीसुद्धा साबणानं धुतली होती. बाजारातून आलेल्या टोमॅटोला साबण आणि शी धुतलेल्या हाताला पाणी!

नळाची चावी ही माझ्या कधी लक्षात न आलेली गोष्ट. घाण हातानं ती उघडतो, हात स्वच्छ करतो आणि त्याच चावीला हात लावून बंद करतो. संडासाची कडी, फ्लशचं बटण आणि मगची मूठ, सगळं त्यातलंच. त्यावर आता रोज ब्लीचच्या पाण्याचं फडकं फिरतं. बेसिनजवळचा हात पुसायचा नॅपकिन, जो आठवडाभर एकच लटकायचा, तो गेला. आजारपणात ज्याचा त्याचा पंचा वेगळा. दुपटी आणि लंगोट पोरांच्या इतर कपड्यांबरोबर भिजत पडायचे, ते वेगळ्या बादलीत, आधी शी संडासात टाकून, मग गरम पाण्यात, मग कडक उन्हात. लेक डायपर गुंडाळून तसेच घंटागाडीत टाकायची, तीही आता आतली शी आधी संडासात टाकते. नखं मी शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला कापली सगळ्यांची. सासूबाई असत्या तर एकाच वेळी दोन नियम मोडले म्हणून उपाशी राहिल्या असत्या. सहाण उकळत्या पाण्यात घालून काढली आणि माळ्यावर ठेवली.

ज्याला होतंय त्यानं स्वयंपाक करायचा नाही, हा नियम मला सगळ्यात जड गेला. मी आठवडाभर स्वतःच्या घरात पाहुणी होते. सून एकटी राबत होती आणि मी पलंगावरून मीठ किती घालायचं ते सांगत होते.

आणि ओआरएस. ह्या एका बाबतीत मी ह्यांना शंभर टक्के गुण देते. सून अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळत होती, उरलेली उद्याला ठेवायला. हे ओरडलेच. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खी पुडी, मोजून एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. दाट केलं तर फायद्याऐवजी अपाय. पुडी नसेलच तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. घटाघटा पाजायचं नाही, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. मुलगा मेडिकलमधून गोड सरबताचे खोके घेऊन आला होता, नावात ओआरएस असलेले. ते ह्यांनी परत पाठवले. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली तेव्हा हे पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले होते, जणू ह्यांच्याच सहीनं निघाला होता तो आदेश.

रात्री ओमच्या उशाशी चमचा धरून बसलो असताना ह्यांनी १९७१ ची गोष्ट सांगितली. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईन संपलेलं. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले, तुम्हीच पाजा म्हणून. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. "नातेवाइकांच्या हाती," हे पुन्हा म्हणाले. ओम झोपेतच चमचा चाटत होता. मी हात धुऊन आले होते. तरी एकदा उलटा करून बघितला.

तिसऱ्या दिवशी त्याला शू स्वच्छ झाली, चौथ्या दिवशी त्यानं भडंग मागितलं. मिळालं नाही, ताक-भात मिळाला, केळं मिळालं. लेकीनं बाळाला अंगावर पाजणं एक दिवसही थांबवलं नाही, मी थांबव म्हटलं होतं तरी. झिंकच्या गोळ्या मात्र चौदा दिवस पूर्ण करायला घरात रोज भांडण. पोरगं उड्या मारायला लागलं की औषध कशाला, हे सुनेचं म्हणणं. मलाही आतून तसंच वाटत होतं, पण त्या महिन्यात माझ्या आतल्या आवाजाला घरात किंमत नव्हती.

यंदा अक्षय्य तृतीयेला वहिनी रसाची वाटी घेऊन आल्या. मागच्या मे महिन्यात त्यांनी आणला नव्हता, मीही दिला नव्हता. दोघींनी साखरआंब्यावर भागवलं होतं. यंदा पातेल्यातला पहिला रस त्यांनी आमच्याकडे पाठवायचा ठरवलेला दिसला. मी वाटी घेतली, रिकामी परत द्यायची नाही म्हणून आमच्यातला रस तिच्यात घालून पुढे केला. देताना-घेताना मान खाली होती. मी त्यांच्या नखांकडे बघत होते, आणि मान वर केली तर त्या माझ्या.